उबवणीची पेटी आणि जमुनाचे हात

जमुनाला लहानपणापासून किळस फार. वरूडला बापाच्या संत्र्याच्या बागेत वाढलेली पोरगी, पण सडकं संत्रं पायाखाली आलं की पाय धुतल्याशिवाय घरात शिरायची नाही. दुधात माशी पडली की ते दूध तिच्यापुरतं संपलं. "सासरी गेल्यावर समजन तुले," असं तिची आई मैनाबाई म्हणायची. आणि समजलंच बिचारीला. पण जे समजलं ते आईच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिला दिली अकोटच्या अलीकडच्या एका गावात, नत्थुजींच्या घरी. काळी कसदार जमीन, कोठा भरून ढोरं, दारात बसायची हलकी बैलगाडी, दमणी. नत्थुजींच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात मांसमच्छीचं नाव काढायची सोय नाही. मुलगा भगवंत बिजवर. त्याची पहिली बायको शकुन, तिला मूल होईना म्हणून पंचांसमोर गवताची काडी मोडून तिला मोकळं केलं होतं. नवऱ्यानं काडी मोडली की नातं तुटलं, बाईनं आपलं गाठोडं घेऊन माहेरची वाट धरायची, अशी ती रीत. शकुनच्या बापानं थोडं थांबून धामणगावला तिचा पाट लावून दिला, आणि तिथं तिला दोन पोरं झाली.

ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. नदीवर बाया बोलायच्या, बाजारात माणसं बोलायची. नत्थुजींच्या ओट्यावर आलं की मात्र सगळ्यांची दातखीळ बसायची. थू असल्या शहाणपणावर! जिथं बोलायला पाहिजे तिथंच नेमके गप्प. जमुनानं ते नदीवर धुणं धुताना ऐकलं, हातातलं लुगडं तसंच दगडावर राहिलं, आणि तीही घरी येऊन गप्पच बसली. सुनेनं असं काही बोलायचं म्हटलं तर बोलायचं कोणत्या तोंडानं?

तिचीही कूस उजवली नव्हती. सासूनं, पार्बताबाईंनी, आधी उपास करवले, मग अंगारे लावले, मग बोलणं सुरू केलं. पेरणीच्या दिवशी जमुनानं बियाण्याच्या टोपल्याला हात लावायचा नाही. कुणाचं डोहाळजेवण असलं की तिनं मागच्या दारानं जायचं. गाय विणार असली की कोठ्यात फिरकायचं नाही. "तुह्या हातालेच काई दोष हाय," सासू म्हणायची, आणि भगवंत शेजारी बसून सुपारी कातरत असायचा.

त्या वर्षी अखाडीच्या सुमारास आजूबाजूच्या गावांत पटकी आली. माणसं मरायला लागली तसा गावाचा धीर सुटला. भगतानं सांगितलं, मरीमायला गावातला एकूणएक कोंबडा पाहिजे, एकही मागं राहिला तर माय कोपेल. गावचे मोठे म्हणून नत्थुजीच उभे राहिले. गळ्यात माळ, नाकाला उपरणं, आणि तोंडानं हुकूम, "कापा! एकाच्याही घरी कोंबडा राहाले नाही पाहिजे!" ज्या हातानं जेवायच्या आधी माळ डोळ्यांना लावायची, त्याच हातानं कोणाच्या दारात अजून कोंबडा आहे ते दाखवत होते. मरीमायच्या ओट्यावरून रक्त वाहून रस्त्यावर आलं, पिसं चिखलात रुतली, दोन दिवस त्या बाजूनं जाववेना. जमुनाला तर अन्न जाईना. पटकी गावात आली नाही हे खरं. पण दुसऱ्या दिवसापासून गावात पहाटे आरवायला कोंबडाच उरला नाही. बाया दळायला उशिरा उठायला लागल्या आणि पार्बताबाई रोज सकाळी सुनेवर खेकसायला लागल्या.

पोळा झाला आणि नत्थुजी अमरावतीचं प्रदर्शन पाहून आले ते दमणीत एक भली मोठी लाकडी पेटी घेऊनच. शेतकी खात्याच्या साहेबानं म्हणे त्यांना पुढं बोलावून, पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं की, रावजी, तुमच्यासारख्या मोठ्या कास्तकारानं हे करून दाखवलं तर बाकीचे शिकतील. साहेबानं पाठीवर हात ठेवला की नत्थुजींना दुसरं काही सुचत नसे. पेटी कशाची आहे हे त्यांना तिथंच कळलं होतं. कोंबडीची अंडी उबवायची पेटी! माळ घालणाऱ्याच्या घरी! पण साहेबाला नाही म्हणायची छाती कुठून आणणार?

मागोमाग खात्याचा एक कामदार आला आणि अंगणात पेटी उघडून समजावून गेला. बाजूला घासलेटचा दिवा, त्याची ऊब नळीतून आत जाते. आत अंड्यांचा जाळीचा ट्रे, खाली पाण्याचं पसरट भांडं, वर काचेची खिडकी, तिच्यातून पारा दिसतो. पारा तांबड्या खुणेवर ठेवायचा, वर जाऊ द्यायचा नाही, खाली येऊ द्यायचा नाही. प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला कोळशाची खूण करायची आणि सकाळ-संध्याकाळ ते उलटवायचं, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. भांड्यातलं पाणी आटू द्यायचं नाही. आठवड्यानं अंधारात एकेक अंडं दिव्यापुढं धरून पाहायचं. आत लाल दोऱ्यांचं जाळं दिसलं तर जीव धरला, नितळ दिसलं तर अंडं वांझ, काढून टाकायचं. तीन आठवड्यांनी पिल्लं कवच फोडून बाहेर येतात. जमुना दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. वांझ हा शब्द आला तशी पार्बताबाईंनी मान वळवून दाराकडं पाहिलंच.

"आता हे करन कोन?" नत्थुजींनी विचारलं.

"ते हाय नं," पार्बताबाई म्हणाल्या. आणि संध्याकाळी चुलीपाशी त्यांनी सुनेला सरळ सांगून टाकलं, "हे पाय, जमने. अंडे तुह्याच हातानं उबवाचे. पिल्लं निंघाले तं तुह्या हातात दोष नाही, मी मुकाट्यानं बसतो. नाही निंघाले तं दसऱ्याले अकोटची पोट्टी पाहाले जाऊ, अन् तुही काडी मोडू. मंग म्हनू नको सांगतलं नाही म्हनून."

जमुनानं नवऱ्याकडं पाहिलं. तो ताटातली भाकर कुस्करत होता, अगदी मन लावून.

अंडी आणली गावाच्या टोकाला राहणाऱ्या पुंजारामकडून. त्याची बायको गंगूबाई गवत घातलेलं टोपलं डोक्यावर घेऊन आली आणि अंगणाच्या बाहेरच ठेवून गेली. अंड्यांना विष्ठा लागलेली, दोन-चार पिसं चिकटलेली. पार्बताबाईंनी टोपल्यावर लांबूनच गोमूत्र शिंपडलं, तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून ओलं फडकं फेकलं, "पूस सगळे. तशे नाही नेऊ देत मी कोठ्यात." जमुनानं पदर नाकाला बांधला आणि एकेक अंडं गोमूत्राच्या फडक्यानं पुसलं. पुसता पुसता दोनदा उठून भिंतीआड ओकून आली.

पेटी ठेवली कोठ्याला लागून असलेल्या कुटाराच्या, म्हणजे ढोरांच्या भुशाच्या, खोलीत. आणि तिथंच जमुनाचंही बिऱ्हाड झालं. अंड्याला हात लावणारी सून स्वयंपाकघरात कशी चालणार? तिचं लुगडं वेगळं, तांब्या वेगळा, ताट वेगळं. भाकर वरून टाकायची, पाणी वरून ओतायचं. काम यांनीच सांगितलेलं, साहेबाची मर्जी यांनाच राखायची, आणि विटाळ हिला! सकाळी अंडी उलटवली की विहिरीवर आंघोळ, संध्याकाळी उलटवली की पुन्हा आंघोळ, तरी सासू लुगडं सावरून चार हात लांबून जायची. घासलेटचा धूर, शेणाचा वास, कुटाराची धूळ आणि पेटी उघडली की तोंडावर येणारी ती कोमट, ओशट वाफ. शी! जमुनाच्या नखांना तो वास बसला होता. राखेनं घासले तरी भाकरीचा घास तोंडाशी नेला की आधी तोच यायचा.

पण काम तिनं चोख केलं. वात काजळली की कातरायची, पारा हलला की ज्योत वरखाली करायची, पाणी भरायची, कोळशाच्या खुणा वर-खाली करायची. ज्या अंड्यांची शिसारी यायची त्यांनाच ती मनातल्या मनात विनवायची, निघा रे बाबांनो, एक तरी निघा. आपलं सगळं राहणं-जाणं या घाणेरड्या गोळ्यांवर टांगलं आहे, याची तिला लाजही वाटायची आणि रागही यायचा.

आठवडा झाला तशी ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, कामदार म्हने दिव्यापुढं धरून पाहाचं."

"काय पाहाचं? गर्भ?" पार्बताबाई ओरडल्याच. "पोटातलं पाहात असते काय कोनी? दीठ लागते! खबरदार जर काढून पाहिलं तं. आधीच तुही नजर, त्यात अजून..."

जमुनानं पाहिलं नाही. तिचं चुकलं ते इथंच म्हणा, पण तिच्या जागी दुसरी कोण पाहती?

आणखी काही दिवस गेले. एका दुपारी ती भांड्यात पाणी ओतत होती आणि पेटीत फाट्कन आवाज झाला. झाकण उघडलं आणि जमुना मागच्या मागं कोलमडली. एक अंडं फुटून त्यातली हिरवट-काळी घाण सगळ्या ट्रेवर उडाली होती, काचेवर उडाली होती, तिच्या हातावर, गालावर उडाली होती. असा वास की बांधलेली ढोरं फुरफुरायला लागली. मेलेल्या जनावराचा बरा म्हणावा! जमुना उलटी करून करून अर्धी झाली. घरातून कोणी आलं नाही. सासूचा आवाज तेवढा आला, "दार लाव वो, दार लाव! इथपर्यंत बदबू येऊन राहिली!"

तिनं चूळ भरली, ट्रे बाहेर काढला, आणि एकेक अंडं पुसायला घेतलं. पुसता पुसता तिच्या डोक्यात सणक गेली. आता कसली दीठ अन् कसलं काय! तिनं खोलीचं दार लावून घेतलं, पेटीचा दिवा काढून समोर ठेवला आणि अंडं धरलं. नितळ. दुसरं धरलं. नितळ. तिसरं, चौथं, सगळी. काही गढुळली होती, पण लाल दोरा एकातही नव्हता. जीव मेला नव्हता; तो मुळात पडलाच नव्हता.

तिनं अंडं खाली ठेवलं. आपले हात उलटेपालटे करून पाहिले. असं कसं? एक वांझ असेल, दोन असतील, सगळीच्या सगळी? आणि मग एकदम तिला ती सकाळची शांतता आठवली. अखाडीपासून गावात कोंबडा आरवला नव्हता.

लुगडं तसंच खोचून ती मागच्या वाटेनं गंगूबाईच्या दारात गेली. "गंगूबाई, तुमच्याकडं कोंबडा हाय काय वो?"

"कोंबडा?" गंगूबाई हातातलं सूप ठेवून हसली. "कुठून असन बाई? तुह्या सासऱ्यानं तं उभं राहून कापाले लावले. आता एखादं पिल्लू मोठं होईन तेव्हा."

"मंग अंड्यात जीव कसा पडन?"

"नाहीच पडत."

"तुमी सांगतलं काहून नाही?"

"आमाले कोनं पुसलं? मालकानं टोपलं मांगतलं, टोपलं देल्लं." बोलता बोलता गंगूबाईचं लक्ष तिच्या गालावरच्या घाणीकडं गेलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. अंड्यांना हात लावल्यापासून जमुनाला कोणी असा हाताला हात लागू देत तांब्या दिला नव्हता.

संध्याकाळी भगवंत ढोरं बांधायला कोठ्यात आला तेव्हा जमुनानं त्याला खोलीत ओढलं. दिव्यापुढं अंडं धरलं आणि सगळं सांगितलं. अखाडी, कोंबडे, गंगूबाई. "माह्या हाताचा काई दोष नाही. कोंबडीचाही नाही. तुमी आत्याबाईले सांगा."

भगवंत त्या नितळ अंड्याकडं पाहत राहिला. तो काही भोळा नव्हता. त्याला अंड्याचं समजलं आणि अंड्यापलीकडचंही समजलं. धामणगावच्या दोन पोरांचं त्यालाही माहीत होतंच की! "गप राय," तो म्हणाला. "बाबाची इज्जत जाईन. साहेबापर्यंत जाईन गोठ. तू कोनाले सांगू नको."

"अन् दसऱ्याले? माही काडी?"

"पाहू मंग."

"काय पाहू?"

"पाहू नं!" असं म्हणून तो निघूनच गेला, जाताना नाकाला उपरणं लावून.

जमुनाला आजवर सडकं संत्रं, माशी, रक्त, विष्ठा, फुटकं अंडं, सगळ्याची किळस आली होती. पण या माणसाच्या पाठमोऱ्या अंगाकडं पाहून जी आली तिला तोड नव्हती. स्वतःच्या बायकोला खड्ड्यात ढकलायचं, तेही तोंडानं नाही, नुसतं गप्प बसून! एकीला ढकलली, आता दुसरीला, उद्या अकोटची तिसरी. तिनं ट्रे पुन्हा पेटीत सरकवला. त्या रात्री तिनं अंड्यांचे हात न धुताच भाकर खाल्ली, आणि तिला मळमळलं नाही.

ठरल्या दिवशी कामदार आला. अंगणात पेटी आणली, शेजारपाजारची माणसं जमली, पुंजाराम आपली बैलबंडी बाहेर उभी करून कुंपणाशी थांबला. त्याला अकोटच्या बाजाराला जायचं होतं, पण आपल्या अंड्यांचं काय झालं ते पाहून जाऊ म्हणाला. नत्थुजी नवं उपरणं घेऊन बसले होते. कामदारानं झाकण उघडलं आणि घाईघाईनं तोंड फिरवलं. एकही पिल्लू नाही.

"पाहा!" पार्बताबाईंनी कपाळावर हात मारला. "मी म्हनत नव्हती? हात लागला अन् सत्यानाश झाला! बाईचा हात हाय का काय हाय! आता तरी डोये उघडा."

जमुना पुढं आली. तिनं परात घेतली आणि सगळ्यांसमोर अंडी फोडायला सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं. अंगण नाकाला पदर लावून मागं सरकलं. तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. "पाहा मामाजी, नीट पाहा. एकात तरी रक्ताचा थेंब हाय? एकात तरी पाख हाय?" कामदार वाकून बघायला लागला. "नाही. काहून का गावात कोंबडाच नाही. अखाडीत तुमीच कापाले लावले सगळे. कोंबड्याबिगर अंडे उबवले आपन."

कामदार हसला. मग पुंजाराम हसला. आणि मग काय, नत्थुजींनाही हसू फुटलं, कारण पेटीचा दोष नाही, आपल्या हयगयीचा नाही, साहेबाला सांगायला सोयीचं कारण सापडलं. "अरे हौ की!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "कोंबड्याबिगर पिल्लं कशे निंघतीन? कोंबडीनं काय कराव बिचारीनं! तिचा काय दोष?"

"तं काय," पार्बताबाईही म्हणाल्या, "मुक्या जिवाले कायले बोल लावाव."

सगळं अंगण माना डोलवत होतं. कोंबडीचा दोष नाही. एवढं सोपं होतं ते! लहान पोरालाही समजावं इतकं सोपं. भगवंत खाली बघत होता.

"मंग आत्याबाई," जमुनानं विचारलं, "अकोटची पोट्टी?"

पार्बताबाई चमकल्या. "तिचा अन् याचा काय संबंध? दसऱ्याले जाऊच आपन."

अंगणातली एकही मान या वेळी हलली नाही. जमुनानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. सगळ्यांना समजलं होतं. तेच जुनं, शकुनच्या वेळचं, पाट्यावर वाटून बारीक केलेलं गप्प बसणं. तिला एकदम ओकारी आली, पण ती तिनं गिळली.

अंड्यांच्या टोपल्यातलं गवत परातीशेजारी पडलं होतं, सडक्या बलकानं चिकट झालेलं. तिनं त्यातली एक काडी उचलली आणि भगवंतासमोर जाऊन उभी राहिली. "तुमची वाट पाहात दसऱ्यापर्यंत कोन बसते?" तिनं काडी मोडली आणि दोन्ही तुकडे त्याच्या पायाशी टाकले. बाईनं काडी मोडल्याचं गावानं कधी ऐकलं नव्हतं. "अंड्याची घान धुतली जाते," ती म्हणाली. "तुमची नाही."

"जमने!" पार्बताबाई किंचाळल्या. "हात तरी धू आधी! विटाळ..."

जमुनानं हात धुतले नाहीत. तशीच बाहेर पडली आणि पुंजारामच्या बंडीत जाऊन बसली. पुंजारामनं नत्थुजींकडं पाहिलं, मग बैलांकडं पाहिलं, आणि बंडी हाकलली.

पुढं नत्थुजींच्या घरी सरकारी कोंबडा आला. पेटीतून पिल्लं निघाली, साहेबानं पुन्हा पाठीवर हात ठेवला. अकोटची मुलगीही आली. तिची कूस उजवली नाही आणि तिच्याही हातात दोष निघाला.

जमुना वरूडला भावाच्या, सहदेवच्या, बागेत राबली, संत्र्यांच्या पेट्या बांधल्या, म्हातारी झाली. सुरुवातीची काही वर्षं बाया तिला टोचायच्या, पाट लावून घे वो, शकुनसारखं एखादं पोर होऊ दे, मग नत्थुजीच्या घराचं नाक चांगलंच कापलं जाईल. चांगली स्थळंही आली. ती एकालाही हो म्हणाली नाही.

"मले काई दाखवाचं नाही कोनाले," ती म्हणायची, आणि बोलता बोलता हातातल्या पेटीतलं सडकं संत्रं नाक न मुरडता उचलून बाजूला टाकायची. "मी काय अंडं हाओ, दिव्यापुढं धरून पाहाले?"